आठ घरं, एक अंगण: गाड्या कुठे लावायच्या?

नागपूरजवळ बेसाला आम्ही आठ मित्रांनी मिळून प्लॉट घेतला. घरं वेगळी, जेवणाचा हॉल एक. आर्किटेक्ट म्हणतो, गाडी ज्याच्या त्याच्या दारात. बायको म्हणते, मग अंगण उरतं कुठे?

— वहिनींचं ऐका. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेनला अशी वस्ती उभी राहिली, पुढे ती पद्धतच पडली. अशा वस्त्यांत गाड्या बहुधा कडेलाच असतात. चालत घरी जाताना माणसं भेटतात. स्वयंपाकाच्या ओट्याची खिडकी अंगणाकडे काढा, पोरांवर लक्ष राहतं.

— भाऊ, मे महिन्यात ४५ डिग्रीत चालून पाहा! वाटेवर आधी कडुनिंब लावा. अन् कुलर अंगणाकडे नको. आमच्याकडे त्या घरघरीनं संध्याकाळची बैठकच मोडली.

— कुलरचं डोक्यातच नव्हतं बाप्पा! मागच्या बोळीत टाकतो.