शाजापूरची काळविटं हलवली हे बरं झालं की वाईट?

तुकोगंजकर: ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूर भागात हेलिकॉप्टर लावून 846 काळविटं आणि 67 घोडारोज (नीलगायी) पकडले. काळविटं गांधीसागर, कुनो आणि नौरादेहीच्या राखीव जंगलांत सोडली, घोडारोज गांधीसागरला. इंदुरात यावर नाकं मुरडणारेच जास्त भेटतात. माझं मत उलट आहे: असं अजून व्हायला हवं. बांधवगढमधून गवा 1998 च्या सुमारास नाहीसा झाला होता. 2011-12 मध्ये कान्हातून 50 आणले, आज दीडशेच्या वर आहेत. कान्हातला बारशिंगा 1970 मध्ये 66 वर आला होता. तो सावरला आणि आता सातपुडा, बांधवगढलाही पोचलाय. रिकाम्या जंगलात चरणारं जनावर परत नेता येतं, हे मध्य प्रदेशानं करून दाखवलंय.

देपालपूरवाला: काका, गव्याचा हिशेब काळविटाला लावू नका. गवा जिथून संपला तिथेच परत नेला. काळवीट शाजापुरात संपलं कुठे होतं? होतं म्हणून तर पकडलं! पकडलं ते चांगलंच केलं, त्यात वाद नाही. कळप उभ्या सोयाबीनमधून पळाला की खाण्यापेक्षा तुडवण्यात जास्त जातं. सकाळी बांधावरून बघा, पिकात आडवे पट्टे पडलेले असतात. आणि घोडारोज हरभऱ्यात शिरला तर बोलायलाच नको. पण याला ‘घरवापसी’ म्हणून मिरवू नका. आमचा त्रास कमी केला, एवढंच म्हणा.

रानवेडी: दादांचं निम्मं पटलं. माझा आक्षेप वेगळाच आहे. कुनोत चित्ते आले 2022 मध्ये, गांधीसागरला एप्रिल 2025 मध्ये. मग ही काळविटं तिकडे का गेली हे सांगायला ज्योतिषी नको. चित्त्याचं ताट वाढलंय!

तुकोगंजकर: वाढलं तर वाढलं, ताई. चित्त्यानं काळवीट मारायचं नाही तर काय पोहे-जलेबी खायची? शिकार झाली म्हणजे काळवीट वाया गेलं असं नाही. कळप तिथे टिकला, पिल्लं झाली की काम झालं. पकडतानाही धसमुसळेपणा नव्हता. बोमा म्हणजे नरसाळ्यासारखं कुंपण, तोंड रुंद आणि पुढे निमुळतं. पडदे लावलेले, त्यामुळे जनावराला बाहेरचं काही दिसत नाही. हेलिकॉप्टर फक्त वळवायला. बेशुद्ध करायची गरज नाही. काळवीट इतकं भित्रं की हातानं धरलं तर धसक्यानंच मरेल.

रानवेडी: पकडण्याच्या पद्धतीला मी कधी नावं ठेवली? काळवीट मोकळ्या माळावरचं जनावर. त्याचं जुनं घर म्हणजे आपला हाच माळवा, जिथे आज सोयाबीन आहे. थोडी बिडं, म्हणजे गवताची कुरणं, उरलीत, सैलाना आणि सरदारपूरकडे; तिथे खरमोरासाठी (तणमोर पक्ष्यासाठी) अभयारण्यं केली. बाकी गवत सरकारी कागदावर ‘पडीक’. पडीक म्हटलं की सोलर तरी येतं नाहीतर कारखाना. जनावरं हलवायला हेलिकॉप्टर मिळतं, बीड राखायला चौकीदार मिळत नाही.

देपालपूरवाला: ताई, बीड राखायला माझी ना नाही. आमच्याकडेही होतं, गावाची गुरं दिवाळीनंतर त्यावर निघायची. पण आता त्या जमिनीचा बिघ्याचा भाव विचारा एकदा. इंदूर तिकडेच सरकतंय. शेतकऱ्यानं गवत ठेवायचं, तर सोयाबीनइतके पैसे हातात पडले पाहिजेत. ते कोण देणार?

तुकोगंजकर: वाघ बघायला येणाऱ्या गाड्यांकडून जी वसुली होते, त्यातून द्यावेत.

देपालपूरवाला: कान्हाच्या गेटवरचा पैसा देपालपूरला? काका, रबडी जरा कमी खा.