'कियान' हा शब्द मूळ कुठला?

डोंबिवलीकर: भाच्याचं बारसं पुढच्या रविवारी आहे. मृगाचा चौथा चरण, म्हणजे अक्षर 'की'. किरण, किशोर, कीर्तिकुमार इथवर येऊन यादी संपली, तेव्हा बहिणीने नेटवरून 'कियान' शोधून काढलं. तिथे अर्थ एका ठिकाणी 'राजा', दुसऱ्या ठिकाणी 'प्राचीन', तिसरीकडे 'देवाची कृपा', आणि वर 'मूळ संस्कृत' असा शिक्का. आपट्यांच्या कोशात 'कियान' सापडला नाही. आईचं म्हणणं, धड अर्थ माहीत नसलेलं नाव आत्याने कानात सांगायचं तरी कसं? नेमकं काय आहे हे?

सातारी: 'राजा' म्हणणारे बरोबर आहेत. शब्द फारसी. 'कै' म्हणजे राजा, त्याचं अनेकवचन 'कयान' किंवा 'कियान'. कैकुबाद, कैकाऊस, कैखुस्रो ही नावं ऐकली असतील, त्यातलाच हा 'कै'. इराणी पुराणकथांतल्या या राजांचं घराणं ते कयानी. मागे गेलात तर अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, याचं रूप 'कवि' आहे. जरथुष्ट्राचा आश्रयदाता विश्तास्प तिथे 'कवि विश्तास्प' म्हणून येतो. आपला वैदिक 'कवि' तो हाच, फक्त इकडे तो द्रष्टा झाला आणि तिकडे राजा. तेव्हा परकं म्हणावं तर चुलत घरातलं.

'प्राचीन' हा अर्थ आयर्लंडच्या एका नावाचा. तिथला उच्चार साधारण 'कीअन', फारसीशी संबंध नाही. रोमन लिपीत दोन्ही एकसारखी दिसतात म्हणून नावांच्या याद्यांनी मोट बांधली. 'देवाची कृपा' कुठून आणली ते त्यांनाच ठाऊक.

अरबीतही 'कियान' आहे, अर्थ अस्तित्व. तोही वाईट नाही.

नागपूरकर: म्हणजे संस्कृत वगळता सगळं. आजकाल नाव काहीही असो, 'विष्णूचा अंश' लिहिलं की खपतं. 'रेयांश' घ्या. त्यातला 'अंश' संस्कृत खरा, पण 'रे' म्हणजे संस्कृतात नुसतं संबोधन. 'अरे अंशा'!

पंडितकाका: थांबा, संस्कृत वगळू नका. कोशात 'कियान' शोधलंत म्हणून मिळाला नाही, 'कियत्' पाहा. कियत् म्हणजे किती, केवढा. त्याचं पुल्लिंगी प्रथमा एकवचन 'कियान्'. 'कियान् कालः' म्हणजे किती वेळ? यादीवाल्यांनी ठोकून दिलेलं संस्कृत चुकून खरं निघालं, फक्त अर्थ 'केवढा?'

डोंबिवलीकर: 😂 आईला हे सांगायचं कसं! आणि परकं नाव म्हणून मामांची कुरकुर आहेच.

सातारी: मामांना विचारा, शहाजीराजांचं नाव कुठून आलं? मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरा सर्वांना माहीत आहे. 1660 साली शाइस्ताखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने चाकणचा किल्ला झुंजवणारा किल्लेदार कोण? फिरंगोजी नरसाळा. फिरंगी हा शब्दच पोराला नाव म्हणून दिलेला! हैबतराव, दौलतराव, गुलाबराव, यांतले पहिले तुकडे अरबी-फारसी. मात्र तेव्हाची माणसं उसन्या शब्दाला 'जी' किंवा 'राव' लावून घरचा करून टाकत. आपण तसाच्या तसा उचलतो, फरक असलाच तर तेवढा. आणि मिहिर? वराहमिहिराच्या नावातला हा सूर्य इराणी 'मिह्र' वरून संस्कृतात आलेला. मिहिर नावाच्या मुलाला कोणी परका म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

नागपूरकर: मला अर्थापेक्षा हाकेची काळजी वाटते. आमच्याकडे गॅलरीतून 'कियान' अशी हाक आली की ऐकणारा विचारेल, 'की यानं काय केलं?'

दुसरं, सामान्यरूप. जुनी मुरलेली नावं वाकतात : रामाला, गोपाळाचा. नवी ताठ उभी राहतात : रोहनला, कियानचा. गंमत म्हणजे एकच नाव दोन्हीकडे दिसतं. दोहे 'कबिराचे', पण शेजारच्या पोराचा डबा 'कबीरचा'. संत मुरलाय, पोरगा अजून नाही.

डोंबिवलीकर: आईला शेवटी सगळे अर्थ सांगितले. राजा, अस्तित्व यांवर ती नुसतं 'हं' म्हणाली. 'केवढा' ऐकल्यावर हसायला लागली. दवाखान्यात बाळाला पहिल्यांदा हातात घेताना तिच्या तोंडून 'अगंबाई, केवढासा गं हा!' असंच निघालं होतं. नाव ठरलं. आता पाळण्यावरच्या पाटीवर 'कियान' लिहायचं की 'कियान्', यावर घरात दोन तट आहेत.

पंडितकाका: व्याकरणाने 'कियान्' शुद्ध. पण बारशालाच पोराच्या नावातल्या 'न'चा पाय मोडू नका.