मदत हवी आहे: सीमधला लूप रस्टमध्ये आणला की दर फेरीला मेमरीत का लिहितो?

सी भाषेतली एक छोटी लायब्ररी रस्ट भाषेत आणतोय. मशीन एक्स८६-६४. क्लँग (सीचा कंपायलर) ओ३ वर, रस्टसी (रस्टचा कंपायलर) ऑप्ट-लेव्हल ३ वर, म्हणजे दोन्हीकडे मशीनकोड बनवणारा बॅकएंड एलएलव्हीएमच.

पहिलं फंक्शन घेतं: एफ३२ (३२ बिटी दशांश संख्या) ॲरेचा पॉइंटर, लांबी, एक मर्यादा आणि यू३२ (३२ बिटी पूर्णांक) काउंटचा पॉइंटर. मूल्य मर्यादेच्या वर असेल तर काउंटमध्ये १ मिळवायचा, नाहीतर ०. इफ नाही, सरळ बेरीज. सीचा लूप छान व्हेक्टराइज होतो (एका सूचनेत अनेक मूल्यं हाताळतो): तुलनेचा मास्क उणे १ येतो, तो चार-चार लेनमध्ये वजा होतो आणि काउंट शेवटी एकदाच मेमरीत जातो. रस्टमध्ये ओळीला ओळ तेच आहे, फक्त रॉ पॉइंटर (कुठल्याही हमीशिवायचे). तिथे मात्र दर फेरीला स्टोअर (मेमरीत लिहिणं) दिसतो. फंक्शनच्या आत काउंटचा &म्यूट (बदल करता येणारा रेफरन्स) करून पाहिला, तरी तयार होणारी असेंब्ली तीच. &म्यूट म्हणजे नोअलायस (त्या मेमरीकडे दुसरा पॉइंटर नाही ही कंपायलरला हमी) ना?

दुसरं फंक्शन: आउट = ए × गेन + बी (आउट, ए, बी हे तीन बफर). हा व्हेक्टराइज होतो, पण आधी बफर एकमेकांवर चढतात का ते तपासतो. लांबी बहुतेक वेळा १६ असल्याने ती तपासणी महाग पडते. शिवाय रस्टमध्ये नोअलायस बंदच असतं असं एका जुन्या चर्चेत दिसलं. ते अजून खरं आहे का?

प्रतिसाद १

आधी सीची फाइल एफ-नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग (वेगळ्या प्रकारांचे पॉइंटर एकाच जागी नाहीत हे गृहीतक बंद करणारा पर्याय) लावून कंपाइल करा. क्लँगसुद्धा दर फेरीला स्टोअर करू लागेल, आणि फरक कुठला ते तिथेच कळेल.

सीमध्ये फ्लोट आणि यूइंट३२ हे वेगळे प्रकार, म्हणून त्यांचे पॉइंटर एकाच जागी नाहीत असं कंपायलर धरू शकतो. रस्ट प्रकारावरून असा निष्कर्ष काढत नाही. तुमचा काउंट त्या ॲरेच्या आतही असू शकतो. मग त्यात लिहिलं की पुढचा एफ३२ बदलला असेल, हे धरूनच चालावं लागतं. सीमध्ये जे फुकट मिळत होतं ते रॉ पॉइंटरवर मिळत नाही, आणि रॉ पॉइंटरला लावायला सीच्या रेस्ट्रिक्टसारखा (हीच हमी देणारा) शब्दही रस्टमध्ये नाही.

काउंटपुरता उपाय सोपा आहे: लोकल व्हेरिएबलमध्ये मोजा, लूप संपल्यावर एकदा लिहा. यात अलायसिंगची (दोन पॉइंटर एकाच जागी असण्या-नसण्याची) कुठलीच हमी द्यावी लागत नाही. जिथे एवढ्यावर भागतं तिथे हमीच्या वाटेला जाऊच नये असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद २

आतल्या &म्यूटचा उपयोग झाला नाही कारण रस्टसी नोअलायस फक्त फंक्शनच्या पॅरामीटरवर लावतो. लोकल रेफरन्सवर काहीच लागत नाही. स्ट्रक्टमधून &म्यूट पाठवून त्या स्ट्रक्टचा रेफरन्स दिला, तरी आतल्या पॉइंटरला ते मिळत नाही.

दुसऱ्या फंक्शनसाठी बाहेरचं एक्स्टर्न सी (सीमधून बोलावता येणारं) फंक्शन रॉ पॉइंटरचंच ठेवा. त्यात फ्रॉम-रॉ-पार्ट्सने पॉइंटर आणि लांबीवरून स्लाइस (लांबीसह रेफरन्स) करा आणि आतल्या वेगळ्या फंक्शनला आउट &म्यूट स्लाइस, ए व बी & (फक्त वाचण्याचा) स्लाइस म्हणून द्या. लूप झिपने (स्लाइस जोडीने चालवत) लिहा, म्हणजे बाउंड्स चेकही (इंडेक्स हद्दीत आहे का ही तपासणी) जातील. ए आणि बी एकच बफर असला तरी चालतं. दोन्ही फक्त वाचले जातात.

एलएलव्हीएमने आतलं फंक्शन इनलाइन केलं (कॉलच्या जागी उतरवलं) तर नोअलायस स्कोप मेटाडेटा (कोडला जोडलेली नोंद) म्हणून टिकतं. पण फंक्शन फार लहान असेल तर रस्टसी ते एमआयआरमध्येच (एलएलव्हीएमकडे जाण्याआधीच्या त्याच्या स्वतःच्या रूपात) इनलाइन करतो. मग पॅरामीटरही गेला आणि हमीही. म्हणून आतल्या फंक्शनवर आधी इनलाइन-नेव्हर लावून मोजा. एलएलव्हीएम आयआर (एलएलव्हीएमचं मधलं रूप) काढून त्याच्या डिफाइन ओळीत आउटसमोर नोअलायस आहे ना, तेही बघा.

जुनी चर्चा आता लागू नाही. लूप अनरोल करताना (फेऱ्या उलगडून लिहिताना) एलएलव्हीएम नोअलायसचे स्कोप चुकीचे हाताळत असे, म्हणून &म्यूटसाठी ते बंद ठेवलं होतं. रस्ट १.५४ पासून (जुलै २०२१) ते चालू आहे.

धागाकर्ता

दोन्ही उपाय लागू पडले, तपासणीचा कोडही गेला. पण सीचे काही कॉलर आउट आणि ए म्हणून एकच बफर देतात. उत्तर तर बरोबर येतंय.

प्रतिसाद २

ते लगेच थांबवा. एकाच मेमरीवर & आणि &म्यूट एकदम जिवंत असणं हेच अनडिफाइन्ड बिहेविअर (भाषा कुठलीच हमी देत नाही असं वर्तन), उत्तर काहीही येवो. दोन्ही बफर तंतोतंत एकच असतील तर चार मूल्यं वाचून त्याच जागी लिहिली जातात, म्हणून चाचणीत काही सापडत नाही. उद्या कोणी आउट एका घराने पुढे सरकवून दिला तर साधा लूप नुकतंच लिहिलेलं मूल्य वाचेल आणि व्हेक्टर लूप जुनं. डीबगला एक उत्तर, रिलीजला दुसरं.

इन-प्लेससाठी (निकाल त्याच बफरमध्ये) वेगळं फंक्शन द्या: एक &म्यूट स्लाइस, एक & स्लाइस. बाहेरच्या फंक्शनमध्ये पॉइंटर सारखे आहेत का ते एकदाच बघून त्याच्याकडे वळवा. अर्धवट चढणारे बफर आले तर एरर कोड परत करा.

मिरी (असं वर्तन पकडणारं रस्टचं साधन) सीच्या कोडमधून चालणार नाही, म्हणून तोच कॉल रस्टच्या टेस्टमधून रॉ पॉइंटरने करा. जुनं फंक्शन तिथे लगेच पकडलं जाईल.

आणखी एक: सीचे कॉलर लांबी ० असताना नल देतात. फ्रॉम-रॉ-पार्ट्सला शून्य लांबीलाही नल चालत नाही, पॉइंटर अलाइन्डही (प्रकाराला साजेशा पत्त्यावर) लागतो. रस्ट १.७८ पासून डीबग बिल्डमध्ये हे तपासलं जातं, रिलीजमध्ये नाही. लांबी ० असेल तर स्लाइस करण्याआधीच परत फिरा.