दारव्हा मोतीबाग स्टेशन कशासाठी होतं?

प्रश्न: मूर्तिजापूर–यवतमाळ 'शकुंतला' लाइनवरचं हे स्टेशन बंद पडलंय. लाइन कशासाठी टाकली होती? गेज (दोन रुळांमधलं अंतर) कोणता?

रूळवाला: वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणायला, पुढे मोठ्या लाइनीनं मुंबई बंदर. गेज 762 मिमी, लांबी 113 किमी. मालकी खासगी कंपनीची, गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवायची. असला संसार दुर्मीळच!

फाटकवाला: मूर्तिजापूरला छोट्या गेजवरून मोठ्या लाइनीवर जाताना कापसाच्या गाठी उतरवून पुन्हा भरायच्या. ट्रक थेट जिनिंगच्या दारात येऊ लागल्यावर ही दुहेरी हमाली कोण करणार?

रूळवाला: 1921 च्या झेडडी प्रकारच्या वाफेच्या इंजिनाजागी 15 एप्रिल 1994 ला डिझेल आलं. पण रूळ जुनेच, वेग ताशी 20 किमीच्या आसपास. फाटकंही गाडीतलेच कर्मचारी उतरून लावायचे. एसटी केव्हाच पुढे.