६,१०० मीटरच्या शिखरासाठी समिटच्या रात्री किती वाजता निघावं?

रानवाट: बेस कॅम्प ५,१०० मीटरवर आहे. शेवटचे ३०० मीटर कडक बर्फ, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) लागणार. पहाटे ४ ला निघालं तर चालेल का? आणि पाण्याला तीन लिटरची नळीवाली पिशवी पुरेल ना?

कातळकडा: ४ म्हणजे फार उशीर. एवढ्या उंचीवर चांगला चालणाराही तासाला १००-१५० मीटरच चढतो. हजार मीटरला ७ ते १० तास धरा. चारला निघालात तर माथ्यावर दुपार होईल. तोवर उन्हानं बर्फ मऊ पडतो, पाय रुततात, क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे धरतात आणि दात टेकतच नाहीत. उतरताना माणसं घसरतात ती अशी. रात्री ११-१२ ला निघा, आणि परत फिरायची वेळ कॅम्पवरच ठरवा, सकाळी १० म्हणा. माथा समोर दिसत असला तरी १० ला मागे.

पिशवीची नळी तासाभरात गोठेल. रुंद तोंडाच्या बाटल्यांत गरम पाणी भरून जाड मोज्यांत घाला आणि उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. शिवाय एक थर्मॉस.

उंचसखल: निघायच्या वेळेचं बोलण्याआधी हे सांगा, ५,१०० ला किती रात्री काढणार? ३,००० च्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर ३-४ दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा मुक्काम. दिवसा ५,५०० पर्यंत चढून खाली झोपायला या. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घेणार असाल तर साधारण १२५ मिग्रॅ दोन वेळा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

रानवाट: कॅम्पवर तीन रात्री. डोकं दुखलं तर चढायचं की नाही?

उंचसखल: दुखणं थांबेपर्यंत वर नाही. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावा. तोल गेला तर मेंदूला सूज समजा. बसल्या जागी धाप लागत असेल तर फुफ्फुसात पाणी. दोन्हींत लगेच खाली, रात्र असली तरी, आणि एकट्याला पाठवू नका. मदत पोचायला दिवस लागतात अशा डोंगरावर सकाळची वाट बघणं परवडत नाही.

कातळकडा: क्रॅम्पॉन कॅम्पवर हातमोजे घालूनच बांधून बघा. हेडटॉर्चला लिथियम सेल, जादाचे आतल्या खिशात. थंडीत साधे सेल लवकर मान टाकतात.