माशांना हळद-लसूण: औषध की नुसती फोडणी?

भीमाकाठ

इंदापूर तालुक्यात आमची दोन शेततळी आहेत, उजनीच्या फुगवट्यापासून जवळच. जमीन चोपण झाली, ऊस पिवळा पडायला लागला, तेव्हा वडिलांनी तळी खणून मासे सोडले. एकात कटला, रोहू, सायप्रिनस. दुसऱ्यात गिफ्ट चिलापी, म्हणजे चिलापीचा सुधारित, लवकर वाढणारा वाण. मी नोकरीला पुण्यात, शनिवारी पहाटे हडपसरहून गाडी काढतो आणि रविवारी रात्री परत येतो. म्हणजे अर्धाच शेतकरी, हे आधीच कबूल.

गेल्या डिसेंबरात एका कृषी प्रदर्शनातून 'हर्बल ग्रोथ बूस्टर'चा डबा आणला. डब्यावर उड्या मारणारा मासा, आत पिवळट भुकटी. काय घातलंय, किती घातलंय, एक अक्षर नाही. वास घेतला तर आईच्या मिसळणाच्या डब्याचा. आई म्हणाली, एवढ्या पैशात मी तुला पोतंभर हळद दळून दिली असती.

मग घरीच सुरू केलं. किलोभर तरंगत्या खाद्याला १० ग्रॅम ठेचलेला लसूण, ५ ग्रॅम हळद, चिमूटभर मिरपूड, वर शेंगदाण्याचं तेल चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. फक्त चिलापीच्या तळ्यात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलपर्यंत रोज. त्याआधी थंडीत अंगावर लाल चट्टे येत होते, रोज दोन-चार मासे उलटे तरंगायचे. ते थांबलं. मासा दुपटीहून जास्त भरला.

तर माझं मत असं की हा प्रकार सगळ्यांनी सुरू करावा, आणि डब्यातला नव्हे, घरचा. आमच्याकडे मासा जरा मलूल दिसला की दुकानदार सांगेल ती अँटिबायोटिकची पुडी खाद्यात कालवायची पद्धत आहे. त्यापेक्षा लसूण हजार पटीने बरा. बोला.

गढूळपाणी

बोलतो. जानेवारीअखेर ते एप्रिल, म्हणजे थंडी सरल्यापासून ऊन तापेपर्यंत. चिलापी हा उष्ण पाण्यातला मासा. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की खाणं कमी करतो, प्रतिकारशक्ती ढेपाळते, चट्टे येतात. फेब्रुवारीत पाणी तापलं की पुन्हा तुटून पडतो. तुम्ही लसणाच्या जागी खाद्यावरून नुसती अगरबत्ती ओवाळली असती तरी एप्रिलमध्ये मासा दुप्पट झाला असता.

आणि एक विचारतो, राग नसावा. त्याच सुमारास तळ्यावर आणखी काही बदललं का?

भीमाकाठ

एरेटर बसवला, पाण्यात हवा मिसळणारं यंत्र. जानेवारीतच.

पण तो पहाटे तीन-चार तासच चालतो!

गढूळपाणी

पहाटेच लागतो हो तो. रात्रभर शेवाळ आणि मासे मिळून ऑक्सिजन ओढतात, सूर्योदयाच्या आधी तळाला काही उरत नाही. ज्या तळ्यात मासा पहाटे वर येऊन तोंड उघडत होता, तिथे एरेटर लागला की तो खाणारच. खटला संपला, लसूण निर्दोष सुटला.

काचेची_टाकी

थांबा, एवढ्यात निकाल नको. मी रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकलोय, सध्या पुण्यात वेगळ्याच धंद्यात आहे, पण या विषयावर बरंच वाचलंय आणि थोडं हाताने केलंय.

गढूळपाणी म्हणतात तो दोष बरोबर आहे, दादांचा अनुभव पुरावा म्हणून टिकत नाही. पण म्हणून लसूण-हळद म्हणजे अगरबत्ती, हेही खरं नाही. लसूण, आलं, हळद, तुळस, अश्वगंधा, गुळवेल, मेथी अशा वनस्पतींवर जगभर भरपूर प्रयोग झालेत. पद्धत साधारण ठरलेली असते: टाक्यांमध्ये सारखे मासे, काहींना साधं खाद्य, काहींना वनस्पती मिसळलेलं, आठेक आठवडे. शेवटी एरोमोनास हायड्रोफिला नावाचे जिवाणू टोचतात आणि किती जगले ते मोजतात. कित्येक प्रयोगांत वनस्पती खाल्लेले मासे जास्त जगले, रक्तातलं लायसोझाइम, म्हणजे जंतू फोडणारं द्रव्य, वाढलं, जंतू गिळणाऱ्या पेशी जास्त तरतरीत दिसल्या. पचनाचे विकरही वाढतात, त्यामुळे तेवढ्याच खाद्यात जरा जास्त वजन येतं.

आता गोम. एक तर हे सगळं काचेच्या टाकीत, जिथे माशाला दुसरं काही खायला नसतं. तुमच्या कटला-रोहूच्या तळ्यात शेण पडलेलं, पाणी हिरवं, निम्मं पोट प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवरच भरतं. तिथे खाद्यातल्या चिमूटभर हळदीचा वाटा आणखी पातळ होतो. दुसरं, मात्रा. बऱ्याच वनस्पतींत वाढीचा आलेख टेकडीसारखा असतो. थोडी दिली तर फायदा, जास्त दिली की वाढ उलट खाली. 'औषधीच आहे, मूठभर जास्त पडली तर काय बिघडलं' इथेच लोक फसतात.

आणि लसणाबद्दल. त्यातलं कामाचं द्रव्य म्हणजे अ‍ॅलिसिन. ते आख्ख्या पाकळीत नसतंच, ठेचल्यावर तयार होतं. ठेचायच्या आधीच पाकळी शिजली तर ते बनवणारा विकर मरतो, आणि बनलेलं अ‍ॅलिसिनही उष्णतेत टिकत नाही. त्यामुळे लसूण घालून कारखान्याच्या गरम यंत्रातून काढलेल्या गोळीत नाव लसणाचं, गुण शंकास्पद. ठेचून दहा मिनिटं ठेवून थंडच चोळायचा, ही दादांची घरगुती पद्धत त्या मानाने शास्त्रीय आहे. आईंना सांगा.

वैद्यकाका

आमच्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. हळद, गुळवेल, शतावरी यांचे दुष्परिणाम शून्य. निसर्गातून आलेलं निसर्गाला कधी मारत नाही. पाश्चात्त्यांना आता जाग येते आहे.

गढूळपाणी

काका, मोहाची पेंड निसर्गातूनच येते ना? मत्स्यबीज सोडायच्या आधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला तीच टाकतात, हेक्टरी २००० ते २५०० किलो. तिच्यातलं सॅपोनिन कल्ल्यांवाटे रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. मासे पटापट वर येतात. पुढे दोन-तीन आठवडे त्या पाण्यात बीज सोडता येत नाही. आपल्याकडे डोंगरातले लोक ओढ्यात गेळफळं ठेचून टाकतात, ती काय रसायन म्हणून? जास्त कडुनिंबही माशाला बाधतो.

पूर्वजांना ठाऊक होतं हे खरंच. वनस्पतीने मासा कसा मारायचा ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

पेठेतला_बोका

😂😂 काका गेळफळावर गप्प.

मी खाणारा माणूस. गणेश पेठेतून दर रविवारी मासळी आणतो. परवा एका ॲपवर 'हर्बल फेड चिलापी' दिसली, नेहमीपेक्षा बरीच महाग. घेऊ का? आणि लसूण खाऊन वाढलेल्या माशाला फोडणीत लसूण कमी घालायचा का, तेही सांगा.

काचेची_टाकी

तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. हर्बल खाद्य दिलं म्हणजे अँटिबायोटिक दिलं नाही असा अर्थ निघत नाही, लोक दोन्ही देतात. विचारायचं असेल तर अवशेषांची तपासणी केली का ते विचारा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं आपल्याकडे मत्स्यपालनात बंद आहेत, त्यांचा अहवाल आहे का? नसेल तर 'हर्बल' हा नुसता शब्द. चिखलाच्या वासाचं म्हणाल तर तो जिओस्मिनमुळे येतो, पाण्यातले काही निळे-हिरवे जिवाणू ते बनवतात. मासा विकायच्या आधी काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला की जातो. हळदीने जात नाही.

फोडणी तुमच्या मर्जीने.

रेणुका_दौंड

मी या धाग्यावर लिहिणार नव्हते, पण भीमाकाठदादांचं 'सगळ्यांनी सुरू करावं' वाचून राहवलं नाही.

आमचे दौंडजवळ बायोफ्लॉकचे चार हौद होते, म्हणजे पाण्यातले जिवाणूच माशांची घाण खाऊन पाणी साफ ठेवतात ती पद्धत. मासा पंगस. होते म्हणतेय, दोन उरलेत. एके दिवशी मासे खाणं सोडून वरच्या थरात फिरायला लागले. ज्या सल्लागाराकडून आम्ही सगळं साहित्य घेतलं होतं त्याला फोन केला. त्याने फोनवरूनच निदान केलं, लिव्हर वीक आहे ताई, आपलं हर्बल टॉनिक डबल करा. आम्ही केलं. मासे खात नव्हते तरी खाद्यातूनच दिलं, म्हणजे बघा आमची अक्कल. ते न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने अमोनियाची किट आणली, नळीतला रंग बघूनच माझे पाय गळाले. मूळ दुखणं अमोनियाचं होतं, माशांच्या विष्ठेतून आणि कुजक्या खाद्यातून पाण्यात साठणाऱ्या विषाचं. पाणी बदलून, गूळ टाकून, खाद्य दोन दिवस बंद ठेवून निभावलं असतं. टॉनिकने तीन दिवस खाल्ले आणि अमोनियाने दोन हौद.

हळद वाईट नाही हो. पण हाताशी टॉनिक असलं की माणूस पाणी तपासत नाही, मी स्वतःवरून सांगते. आमच्या पट्ट्यात प्रत्येकाकडे तीन-चार बाटल्या आहेत. अमोनिया किट किती जणांकडे आहे विचारा.

भीमाकाठ

ताई, वाचून वाईट वाटलं. पण हा दोष बाटलीचा की सल्ला देणाऱ्याचा? उद्या कुणी मोडक्या पायाला च्यवनप्राश दिला तर तो आवळ्याचा गुन्हा नव्हे.

आणि एक सांगू का, अँटिबायोटिकवाले पण पाणी तपासत नाहीतच. मग चुकायचंच असेल तर लसणाने चुकलेलं बरं ना? निदान उजनीत काही जात नाही.

रेणुका_दौंड

चुकायचंच असेल तर, हे कुठून आलं? न चुकायला किट आहे की.

गढूळपाणी

ताईंना +१०.

भीमाकाठ, तुमच्या अँटिबायोटिकवरच्या रागाशी मात्र मी पूर्ण सहमत. युरोपीय संघाने जनावरं फुगवायला खाद्यातून अँटिबायोटिक देणं २००६ पासून बंद केलं, त्यानंतर कंपन्यांना पर्याय हवाच होता, आणि वनस्पतींकडे सगळे वळले त्यात हेही एक कारण. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय. आजार होऊ नये म्हणून रोज थोडी हळद, हे एक. आजार झाल्यावर हळद, हे दुसरं. पहिल्याला थोडाफार आधार आहे. दुसरं म्हणजे घर पेटल्यावर पाण्याचं महत्त्व सांगणं. अंगावर उवा, म्हणजे आर्ग्युलस, नुसत्या डोळ्यांनी दिसत असताना खाद्यातून लसूण देणारे लोक मी पाहिलेत.

शिवाय बाजारातल्या हळदीत पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ सापडते. ते शिसं माशातून कुणाच्या ताटात? बोक्याच्या.

पेठेतला_बोका

मी चिकनवर जातो.

भीमाकाठ

आमची हळद सांगलीच्या नातेवाइकांच्या शेतातली आहे, शिसं काढू नका.

बरं, मान्य. एरेटर आणि ऊन मध्ये आले. मग यंदा कसं करू ते सांगा. नुसतं हाणून पाडू नका.

काचेची_टाकी

हे बोललात ते आवडलं. दोन तळी घेऊन तुलना करू नका, दोन तळी कधीच सारखी नसतात. एकाच तळ्यात हापे लावा. हापा म्हणजे बारीक जाळीची चौकोनी मच्छरदाणीच, तोंड वर, चार बांबूंना बांधलेली. सहा लावा, सारख्या मापाचे. एकाच खेपेची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सारख्या वजनाची, प्रत्येकात तितकीच. कुठल्या तीन हाप्यांना लसूण-हळद ते नाणं उडवून ठरवा, सावलीतले चांगले म्हणून निवडू नका. पाणी, एरेटर, ऊन, थंडी सगळ्यांना एकच.

आणि इथेच सगळे चुकतात: उरलेल्या तीन हाप्यांनाही तेल चोळलेलंच खाद्य द्या, फक्त लसूण-हळद वगळून. तेल म्हणजे ऊर्जा. गेल्या वर्षी तुमच्या चिलापीला रोज शेंगदाण्याचं तेल मिळत होतं, त्यातलं वजन हळदीच्या खात्यावर जमा झालं असेल.

दर पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटी वजन. किती खाद्य टाकलं ते वहीत. मेलेला मासा फेकायच्या आधी नोंद. आठ आठवडे. आणि वजनं करणाऱ्याला कुठला हापा कशाचा ते सांगू नका.

भीमाकाठ

वजनं वडील करतात. त्यांना लसणाचा वास येणारच.

काचेची_टाकी

मग खाद्य टाकायला आईंना लावा आणि वजनाला वडिलांना. हाप्यांना फक्त नंबर.

गढूळपाणी

आणि डिसेंबरात सुरू करा, फेब्रुवारीत नको. लाल चट्टे थंडीतच येतात, लसणाची खरी परीक्षा तेव्हाच. माझी पैज: वजनात फरक दिसणार नाही, मरतुकीत कदाचित थोडा. हरलो तर बोक्याला तुमच्या तळ्यातली चिलापी माझ्या पैशाने.

वैद्यकाका

गुळवेलीचा एक हापा वेगळा लावा. मी सत्त्व पाठवतो, फुकट.

काचेची_टाकी

एक नाही काका, तीन. पाठवा.

रेणुका_दौंड

नऊ हापे होतात म्हणजे. आणि अमोनियाची किट त्यात धरली का कुणी? माझ्याकडे एक जास्तीची आहे, दादा रविवारी सोलापूर रस्त्यानेच परतत असतील तर दौंड फाट्यावर देते.

भीमाकाठ

घेतो ताई. हाप्याची जाळी बोहरी आळीत मिळेल का, की भिगवणच्या बाजारात विचारू? डोळा किती बारीक घ्यायचा?