'संचित रजा' म्हणजे नक्की काय कळतं?

रानजाई: कैद्यांच्या घरच्यांसाठी एका माहितीपत्रिकेचं मराठी करतेय. फर्लो आणि पॅरोल, म्हणजे कैद्याला काही दिवस तुरुंगाबाहेर जाऊ देणाऱ्या दोन रजा. फर्लोला 'संचित रजा', पॅरोलला 'अभिवचन रजा' हे सरकारी शब्द घेतले. एका बाईंना मसुदा वाचून दाखवला. मुलगा खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेपेवर. 'संचित' ऐकून म्हणाल्या, "मागच्या जन्माचं भोगायचं, तेच ना?" मला पुढे वाचवेना. दुसरा शब्द आहे का?

कोर्टपायरी: बदलू नका. अर्जावर हेच शब्द असतात. 'अभिवचन' तर अगदी नेमका आहे. पॅरोल मूळ फ्रेंच, अर्थ 'शब्द'. परत येईन असा शब्द देऊन बाहेर पडायचं.

जुनाशिपाई: नेमका असेल, पण बोलतं कोण? वडील तुरुंगात रक्षक होते. "अमक्याची फर्लो लागली" हेच कानावर पडायचं. 'संचित' फक्त कागदावर. फर्लो आता मराठीच आहे.

कोर्टपायरी: फर्लोतून अर्थ काय कळतो? शिक्षा भोगता भोगता साठलेली म्हणून संचित. १९५९ च्या नियमांनुसार तिचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. दोन्ही नावं मराठीत असली की निदान फरक विचारावासा वाटतो.

सायली_क: सरळ 'हक्काची रजा' लिहा.

कोर्टपायरी: कृपा करून नको. फर्लो नाकारता येते. तो निरपवाद हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय. ती माउली वाट बघत बसेल.

माळकरी: आधी 'जन्मठेप' समजावा. आमच्याकडे अजून १४ वर्षं धरून चालतात. गोपाळ गोडसे खटल्यात १९६१ लाच ठरलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर १४ वर्षांआधी सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. १४ झाली की दार उघडतं असं नाही.

सायली_क: मग सावरकरांच्या दोन जन्मठेपांची ५० वर्षं कशी?

माळकरी: तेव्हा एक २५ ची धरली. मला तर 'ठेप' ही 'येऊन ठेपणे'तली वाटते. जन्म संपेल तिथे जाऊन ठेपायचं.

जुनाशिपाई: छे, 'ठेवणे'च्या कुळातली. जन्मभर ठेवलेला.

रानजाई: पत्रिका सोमवारी छापायला जातेय. तूर्त 'फर्लो (संचित रजा)' लिहिलंय. त्या बाईंना पुन्हा वाचून दाखवते.

माळकरी: 'ठेवणे'तल्या 'व'चा 'प' कसा झाला, ते आधी सांगा.